लिव्हर ॲक्शन रायफलची काडतुसं : थोडं गणित, थोडी हरणाची बाजू

'टर्मिनेटर २' (१९९१) मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर मोटारसायकल चालवता चालवता एका हाताने बंदूक गर्रकन फिरवतो आणि ती पुन्हा भरून तयार होते. हा सीन न पाहिलेला माणूस हॉस्टेलमध्ये सापडणं कठीण. ती विंचेस्टर कंपनीची १८८७ च्या मॉडेलची शॉटगन. या प्रकाराला लिव्हर ॲक्शन म्हणतात. याच जातीच्या रायफली अमेरिकेत सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हरणांच्या शिकारीला वापरल्या जात आहेत. त्यात कुठलं काडतूस भारी, यावर तिथले शिकारी इतक्या जोमाने भांडतात की आपली सचिन-लारा भांडणं त्यापुढे फिकी पडावीत. या भांडणात मेकॅनिकलच्या एका विद्यार्थ्याने नाक खुपसलं आहे, एवढंच या लेखाचं स्वरूप.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौस म्हणून शिकार करणं हा गुन्हा आहे, आणि तो असावाच असं माझं मत आहे. त्यामुळे हा विषय आपल्या जंगलांचा नाही. तो पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, मेन अशा राज्यांमधल्या दाट झाडीचा आहे, जिथे लायसन्स काढून, ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या संख्येने हरीण मारता येतं आणि बहुतेक लोक ते खातात. मी स्वतः आयुष्यात एअरगनने फुगे फोडलेत, तेही जत्रेत. पण एका यंत्रातला एक साधा भाग बाकी सगळ्या गोष्टी कशा ठरवून टाकतो, याचं इतकं सरळ उदाहरण मला टेक्स्टबुकात मिळालं नाही.

तो भाग म्हणजे मॅगझिन. चापाभोवती जी लोखंडी कडी असते तीच लिव्हर. ती खाली आणि पुढे ढकलली की बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि घोडा ताणला जातो. लिव्हर परत वर ओढली की नवीन काडतूस उचललं जाऊन चेंबरमध्ये बसतं. ही नवीन काडतुसं येतात कुठून? बहुतेक लिव्हर रायफलींमध्ये मुख्य नळीच्या खाली आणखी एक बारीक नळी असते. त्यात काडतुसं एकामागे एक अशी, लोकलच्या डब्यांसारखी, आडवी झोपलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडावर टेकलेलं असतं, आणि बुडाच्या बरोबर मध्यभागी असतो प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टोपी.

आता गोळी टोकदार असती तर? बार उडाला की रायफल धक्का खाते, नळीतली सगळी काडतुसं एकमेकांवर आपटतात, आणि ते टोक फायरिंग पिनचं काम करू शकतं. आपल्या डाव्या हाताच्या अगदी वर. म्हणून या रायफलींच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या ठेवतात. चपट्या तोंडाला हवेचा विरोध जास्त, म्हणून वेग लवकर कमी होतो, म्हणून पल्ला कमी. मॅगझिनच्या जागेवरून गोळीचा आकार ठरला, गोळीच्या आकारावरून पल्ला ठरला आणि पल्ल्यावरून शिकारीची पद्धत.

आता काडतुसांकडे वळू. खरं तर डझनभर आहेत, पण मी चारच घेतो, कारण खरं भांडण यांच्यातच असतं.

पहिलं .३०-३०, उच्चार थर्टी-थर्टी. जॉन मोझेस ब्राउनिंगने डिझाइन केलेली विंचेस्टर मॉडेल १८९४ आणि हे काडतूस यांची जोडी म्हणजे अमेरिकन हरीण-शिकारीचं राजदूत. अशा सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. नावातला पहिला ३० म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात नळीचा व्यास आणि दुसरा ३० म्हणजे ३० ग्रेन दारू. (१ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.) मॉडेल १८९४ आधी काळ्या दारूच्या काडतुसांसाठी बाजारात आली. बिनधुराच्या दारूचं .३०-३० आलं १८९५ मध्ये, कारण त्या दाबाला टिकणाऱ्या निकेल-स्टीलच्या नळ्या तयार व्हायला वेळ लागला. मटेरियल सायन्सचा पेपर कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरं .४५-७०. हे सगळ्यात म्हातारं. १८७३ मध्ये अमेरिकन सैन्याने एकबारी स्प्रिंगफील्ड रायफलसाठी स्वीकारलं, ७० ग्रेन काळी दारू आणि अंगठ्याएवढी शिशाची गोळी. नंतर ते लिव्हर रायफलींमध्ये आलं. तिसरं .३५ रेमिंग्टन, १९०६ चं, मूळचं एका सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी बनवलेलं, पण टिकलं मार्लिन कंपनीच्या मॉडेल ३३६ मुळे. चौथं .४४ मॅग्नम, जे १९५५ मध्ये रिव्हॉल्व्हरसाठी जन्मलं. याच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .४२९ इंच आहे, .४४ नाही. काडतुसांची नावं ही मेसच्या मेनूसारखी असतात, नावावर जाऊ नये.

खाली नेहमीच्या फॅक्टरी काडतुसांचे आकडे मी फूट-पाउंडातून जूलमध्ये बदलून दिले आहेत. पहिली जोडी नळीच्या तोंडाशी, दुसरी २०० यार्डांवर (१८३ मीटर).

.३०-३०, गोळी ११ ग्रॅम : ६७१ मी./से. आणि २४८० जूल. पुढे ४९४ मी./से. आणि १३४० जूल
.३५ रेमिंग्टन, गोळी १३ ग्रॅम : ६३४ मी./से. आणि २६०० जूल. पुढे ४१९ मी./से. आणि ११४० जूल
.४४ मॅग्नम, गोळी १५.६ ग्रॅम : ५३६ मी./से. आणि २२४० जूल. पुढे ३४० मी./से. आणि ९०० जूल
.४५-७०, गोळी २६.२ ग्रॅम : ४०५ मी./से. आणि २१६० जूल; पुढे ३२२ मी./से. आणि १३६० जूल

नुसता पहिला आकडा बघितला तर .३५ रेमिंग्टन पहिला आणि .४५-७० शेवटचा. २०० यार्डांवर मात्र .४५-७० सगळ्यांच्या पुढे गेलेला दिसतो, .३०-३० त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून, आणि .३५ ने निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेत हवेला देऊन टाकलेली. कारण दोन आहेत. एक, गोळीचं वजन भागिले व्यासाचा वर्ग, ज्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .४५-७० ची २६ ग्रॅमची गोळी जाड असली तरी लांबही आहे, म्हणून हा आकडा चौघांत सगळ्यात मोठा. .४४ मॅग्नमची गोळी जाड आणि बुटकी, म्हणून तिचा सगळ्यात छोटा. दुसरं कारण म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास तो एकदम चढतो. .४५-७० मुळातच हळू निघते आणि २०० यार्डांच्या आत आवाजाच्या वेगाखाली येते, त्यामुळे तिचं नुकसान कमी. कंजूस माणसाच्या खिशातून पैसे कमी जातात तसं.

मग .४५-७० जिंकलं? कॅटलॉग वाचणारे बरेच जण इथेच थांबतात. पण ऊर्जा पोचली की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, गोळी कुठे पोचली.

हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण २० ते २५ सें.मी. व्यासाची, आपल्या मेसच्या ताटापेक्षा थोडी लहान. गोळी तिथे लागली तर जनावर काही सेकंदांत खाली बसतं. थोडी खाली गेली तर पाय मोडतो, मागे गेली तर पोट फाटतं, आणि ते हरीण पळत जाऊन कुठेतरी झुडपात तासन् तास, कधी रात्रभर, मरत पडतं. कुठलं काडतूस चांगलं या वादाची खरी किंमत तिथे मोजली जाते, शिकाऱ्याच्या खांद्यावर नाही.

समजा दोन्ही रायफली १०० यार्डांवर बरोबर मारतील अशा जुळवल्या. २०० यार्डांवर .३०-३० ची गोळी नेमापासून साधारण २१-२२ सें.मी. खाली लागते. .४५-७० ची जवळजवळ ६० सें.मी. खाली. आता शिकारी म्हणेल, ठीक आहे, मी ६० सें.मी. वर नेम धरतो. पण त्यासाठी अंतर बरोबर २०० यार्ड आहे हे माहीत पाहिजे. संध्याकाळची वेळ, ओली पानं, हातात मोजपट्टी नाही. मी गणित करून बघितलं : हरीण २०० च्या ऐवजी २२० यार्डांवर असेल तर .३०-३० ची गोळी आणखी साधारण ७ सें.मी. खाली जाते, म्हणजे अजून ताटातच. .४५-७० ची जाते सुमारे १९ सें.मी. खाली, म्हणजे ताटाबाहेर. ऊर्जा दोघींची सारखी, आणि एका हरणाचा पाय मोडलेला.

म्हणून माझं मत असं, की ही जुनी .४५-७० १३६० जूल घेऊन २०० यार्डांवर पोचत असली तरी ती १०० ते १२५ यार्डांचीच रायफल आहे. त्या अंतरात मात्र ती जबरदस्त. ११.६ मि.मी. व्यासाची गोळी फुलायच्या आधीच इतकी मोठी असते जितकी .३०-३० ची फुलल्यावर होते, आणि वजनामुळे आरपार जाते. काळं अस्वल किंवा मूससारख्या मोठ्या जनावराला लोक तीच पसंत करतात. पण आरपार ढकलणारी गोष्ट खांद्यालाही ढकलते. गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) .३०-३० ला ७.४ कि.ग्रॅ. मी./से., .४५-७० ला १०.६. दारूच्या वायूंचा धक्का वेगळाच. धक्क्याला घाबरून चाप ओढताना डोळे मिटणारा माणूस कुठलंही काडतूस वापरून वाईटच मारणार.

जाता जाता एक दंतकथा. जड, हळू गोळी झुडपातल्या काड्या तोडत सरळ जाते म्हणून लिव्हर रायफलला तिकडे 'ब्रश गन' म्हणतात. लोकांनी लाकडी दांडक्यांची रांग लावून चाचण्या केल्या आहेत. सगळ्याच गोळ्या वळतात, जड थोड्या कमी, पण वळतात. काडी हरणाच्या अगदी जवळ असेल तर चालून जातं, रायफलच्या जवळ असेल तर नाही. कोन छोटा असला तरी अंतर त्याला मोठं करतं, हे इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ज्याची शीट रिजेक्ट झाली आहे त्याला सांगायला नको.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. बार उडतो तेव्हा दाब फक्त गोळीला पुढे ढकलत नाही, तो काडतुसाच्या बुडाला मागेही ढकलतो. तो जोर बोल्टवर येतो. जोर = दाब × क्षेत्रफळ, अकरावीचं फिजिक्स. अमेरिकेतली 'सामी' नावाची संस्था प्रत्येक काडतुसाचा जास्तीत जास्त दाब ठरवून देते. .३०-३० ला ४२,००० पीएसआय, म्हणजे २९० मेगापास्कल. .४४ मॅग्नमला २४८, .३५ रेमिंग्टनला २३१, .४५-७० ला फक्त १९३. बुडाचे व्यास अनुक्रमे साधारण १०.७, ११.६, ११.६ आणि १२.८ मि.मी. कॅल्क्युलेटर काढा. पुंगळीच्या भिंतीची जाडी आणि घर्षण सोडून दिलं तर जोर येतो २६, २६, २४ आणि २५ किलोन्यूटन.

चार वेगळ्या काळातली, चार वेगळ्या कामांसाठी बनलेली काडतुसं, आणि चारही अडीच टनांच्या आसपास! एका क्षणासाठी जवळजवळ चार मारुती ८०० बोल्टवर उभ्या राहिल्यासारखं. यातला काही भाग योगायोग आहे हे मला मान्य आहे, कारण तीन काडतुसं मूळची लिव्हरसाठी नव्हतीच. पण या रायफलींमध्ये जी काडतुसं सुखाने राहिली ती या मापातली होती, हा योगायोग नाही. विंचेस्टर १८९४ चा बोल्ट मागच्या टोकाला एका उभ्या ठोकळ्याने अडवलेला असतो. म्हणजे जोर बोल्टच्या पूर्ण लांबीतून जातो. δ = PL/AE. L मोठा, म्हणून बोल्ट दबतो आणि बाहेरची चौकट ताणली जाते, काही मायक्रॉनच, पण तेवढ्याने पितळी पुंगळी मागे सरकून लांबते. आधुनिक .३०८ विंचेस्टर काडतुसाला ४२७ मेगापास्कल दाब आणि ११.९ मि.मी. बूड, जोर साधारण ४८ किलोन्यूटन. जवळपास दुप्पट. ते मॉडेल १८९४ मध्ये का नाही याचं उत्तर शिकारीच्या पुस्तकात नाही, एसओएमच्या पुस्तकात आहे.

इथेच एक धोक्याची गोष्ट. .४५-७० चा १९३ मेगापास्कलचा आकडा १८७३ च्या स्प्रिंगफील्डसाठी सुरक्षित राहावा म्हणून ठेवला आहे. पण मार्लिनने १९७२ मध्ये आणलेली मॉडेल १८९५ त्याहून कितीतरी मजबूत आहे, म्हणून घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तकांमध्ये याच काडतुसाचे तीन वेगळे तक्ते असतात : जुन्या स्प्रिंगफील्डसाठी, मार्लिनसाठी (दाब जवळजवळ दीडपट), आणि रुगर नंबर वन या एकबारी रायफलसाठी आणखी वर. तिन्ही काडतुसं बाहेरून हुबेहूब सारखी. मधल्या तक्त्याचं काडतूस आजोबांच्या स्प्रिंगफील्डमध्येही आरामात बसतं, आणि मग चेहऱ्यापासून एक वीत अंतरावर चेंबर फाटू शकतं. आपल्याकडे प्लगची पिन चुकीची असेल तर सॉकेटमध्ये जातच नाही. इथे तशी काहीच अडवणूक नाही, सगळी भिस्त डब्यावरच्या लेबलावर.

नळीच्या मॅगझिनमधून सुटका करून घ्यायचे प्रयत्नही झाले. आर्थर सॅव्हेजच्या मॉडेल ९९ मध्ये काडतुसं फिरत्या चक्रात बसायची, एकमेकांच्या बुडाला टोक लागायचंच नाही, म्हणून टोकदार गोळी चालायची. ब्राउनिंगच्या बीएलआरमध्ये तर खाली सुटी डबी आहे आणि लिव्हर गिअर व रॅकच्या मदतीने बोल्ट चालवते. बोल्टचं पुढचं डोकं फिरून नळीतच अडकतं, L एकदम छोटा. त्यामुळे ती .३०८ सहज पचवते. इंजिनिअर म्हणून मला हीच सगळ्यात जास्त पटते. पण खपाच्या बाबतीत जुनी नळीवाली डिझाइनच पुढे राहिली, कारण ती सडपातळ, हलकी आणि घोड्याच्या खोगिराला लावायला सोपी. शिवाय सिनेमात तीच दिसते.

तिसरा उपाय सगळ्यात साधा निघाला. हॉर्नडी कंपनीने २००५-०६ च्या सुमारास टोकदार गोळीचं टोकच मऊ रबरासारख्या पॉलिमरचं केलं. मॅगझिनमध्ये ते टोक दबतं, प्रायमरला ठोका बसत नाही, आणि हवेत ते टोकदारच राहतं. या प्रकारच्या .३०-३० काडतुसाची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २७७० जूल, म्हणजे जुन्यापेक्षा १२ टक्के जास्त. २०० यार्डांवर मात्र सुमारे १७७० जूल, म्हणजे ३२ टक्के जास्त. हा वाढीव फायदा निव्वळ आकाराचा. फक्त एक अडचण आली. गोळी लांब झाली, पण काडतूस वर उचलणाऱ्या पाळण्याची लांबी तेवढीच, म्हणून .४५-७० साठी त्यांना पितळी पुंगळीच आखूड करावी लागली.

रायफलींचं काय झालं तेही सांगतो. विंचेस्टर १८९४ चा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला आणि २०१० पासून ही अस्सल अमेरिकन रायफल जपानमध्ये मिरोकू कंपनी बनवते. मार्लिन आधी रेमिंग्टनकडे गेली, रेमिंग्टनचं दिवाळं निघाल्यावर २०२० मध्ये रुगरने ती विकत घेतली. तेव्हा भांडणं अजून चालू राहतील.

मला निवडायला सांगितलं तर दाट झाडीत, शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत, हरणासाठी .३०-३०. धक्का कमी म्हणून सराव जास्त होतो, आणि अंतराच्या अंदाजात थोडी गडबड झाली तरी ते सांभाळून घेतं. .३५ ची मला नीट बाजू घेता येत नाही. जवळून ते अजिबात वाईट नाही, पण .३०-३० जे करत नाही असं ते फारसं काही करत नाही. .४४ मॅग्नम ७५ यार्डांच्या पुढे मी वापरू देणार नाही.

मात्र सध्या तिथे नवा घटक आला आहे. मेलेल्या जनावराच्या आतड्यांमध्ये शिशाचे कण राहतात, ती आतडी कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाड खातं आणि विषबाधेने मरतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पक्षी बावीस-तेवीसच उरले होते. म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला बिनशिशाच्या गोळ्या सक्तीच्या आहेत. पर्याय तांब्याचा. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६, म्हणजे तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच व्यासाची गोळी साधारण सव्वापट लांब. पाळण्याची लांबी तर वाढत नाही, मग जादा लांबी पुंगळीच्या आत घुसते आणि दारूची जागा खाते. त्यामुळे .३०-३० मध्ये तांबं वापरायचं तर ११ ग्रॅमचा हट्ट सोडून हलकी गोळी घ्यावी लागते, आणि वरचा माझा तक्ता तिथे पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.